बाळाच्या चेहऱ्यावरचा लाल डाग : थांबावे की धावावे?

दवाखाना बंद करण्याच्या वेळेला आजी, सून आणि सुनेच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेली तान्ही मुलगी अशा तिघी आत आल्या. मुलगी सात आठवड्यांची. दीड महिन्याची लस टोचायला उपकेंद्रात नेली होती, तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी उजव्या पापणीवरचा लाल उंचवटा पाहिला आणि ‘हे एकदा डॉक्टरांना दाखवा’ असे बजावून सांगितले.

“डॉक्टर, सून उगीच घाबरलीय,” आजी म्हणाल्या. “माझ्या धाकट्याच्या पाठीवर अस्साच डाग होता. शाळेत जायला लागला तोवर कुठे गेला ते कळलंसुद्धा नाही.”

सून हळू आवाजात म्हणाली, “जन्मली तेव्हा काहीच नव्हतं. बारशाच्या दिवशी डास चावल्यासारखा ठिपका दिसला. आता तो डोळा पुरता उघडतसुद्धा नाही.”

आजींचे म्हणणे खरे होते आणि सुनेची भीतीही खरी होती. असे बहुतेक डाग आपोआप जातात. परंतु चेहऱ्यावरचे काही डाग जाईपर्यंत थांबलो, तर डाग जातो आणि नुकसान मागे राहते. अशा बाळांसाठी आज एक चांगले आणि स्वस्त औषध उपलब्ध आहे. मात्र ते वेळेवर सुरू व्हावे लागते. या आठवड्यात त्याचीच माहिती करून घेऊ.

हा डाग म्हणजे काय?

या डागाला वैद्यकीय भाषेत हिमँजिओमा म्हणतात. ही रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून झालेली गाठ असते. ‘गाठ’ म्हटले की लोकांच्या मनात कॅन्सर येतो. पण हा कॅन्सर नव्हे. तान्ह्या बाळांत आढळणाऱ्या साध्या गाठींपैकी ही सर्वांत जास्त आढळणारी. साधारण शंभर बाळांमागे चार-पाच बाळांना ती असते. मुलांपेक्षा मुलींत, तसेच अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या आणि जुळ्या बाळांत तिचे प्रमाण जास्त आहे.

वरवरची गाठ लालभडक, पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखी दिसते. कातडीच्या आत खोल असेल तर वरची कातडी नेहमीसारखी राहते आणि खाली निळसर, मऊ फुगवटा लागतो. सावळ्या वर्णाच्या बाळात सुरुवातीचा लालसरपणा चटकन ध्यानात येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

या गाठीचा स्वभाव ठरलेला आहे. जन्मतः ती बहुधा दिसत नाही. फार तर एखादा फिकट किंवा किंचित लाल चट्टा असतो. पहिल्या काही आठवड्यांत ती वर येते. मग बाळ बाळसे धरते तशी तीही वाढते, किंबहुना बाळापेक्षा भराभर वाढते. पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान तिची वाढ सर्वांत वेगाने होते. तीन महिन्यांपर्यंत ती आपल्या आकाराचा मोठा हिस्सा गाठते आणि पाचव्या महिन्यानंतर वाढ बरीच मंदावते. वर्षाच्या आसपास ती फिकी पडू लागते, मऊ होते आणि चार वर्षांपर्यंत बहुतेक गाठी जेवढ्या ओसरायच्या तेवढ्या ओसरतात.

ओसरली म्हणजे कातडी पूर्ववत झाली असे मात्र प्रत्येक वेळी नसते. मोठी गाठ गेल्यावर त्या जागी सैल, सुरकुतलेली कातडी, बारीक लाल रेषा किंवा चरबीसारखा फुगवटा राहू शकतो. पाठीवर असेल तर सदऱ्याखाली झाकला जातो. नाकाच्या शेंड्यावर असेल तर आयुष्यभर सोबत करतो.

सगळे डाग एक नव्हेत

लसीच्या दिवशी आया एकमेकींच्या बाळांचे डाग पाहतात आणि सल्ले देतात, म्हणून इतर खुणांचीही ओळख हवी. कपाळावर, पापण्यांवर वा मानेवर जन्मतःच दिसणारे, बाळ रडले की गडद होणारे सपाट गुलाबी चट्टे निरुपद्रवी असतात. चेहऱ्यावरचे चट्टे बहुधा वर्ष-दोन वर्षांत फिके होतात. ढुंगणावर व कमरेवर दिसणारे निळसर-काळे डाग आपल्याकडे अनेक बाळांना असतात. त्यांनाही उपचार लागत नाहीत.

तिसरा प्रकार गडद लाल किंवा जांभळट सपाट डागाचा. तो जन्मापासून असतो, बाळाच्या अंगाबरोबरच वाढतो आणि आपोआप जात नाही. त्याला आज सांगणार आहोत ते औषध लागू पडत नाही. तोही डॉक्टरांना दाखवावाच, पण त्याचे उपचार वेगळे.

म्हणून आईला विचारायचा महत्त्वाचा प्रश्न एकच : डाग जन्मतः एवढाच होता की नंतर आला आणि वाढतो आहे? बहुतेक वेळा या उत्तरावरून आणि डोळ्यांनी तपासूनच निदान होते. शंका असेल तर सोनोग्राफी करतात. सुई टोचून तुकडा काढण्याची वेळ क्वचितच येते.

चेहऱ्यावर असेल तर घाई का?

पहिले कारण डोळा. बाळ डोळ्याने पाहते तशी मेंदूला पाहण्याची सवय लागते, आणि ही शिकवणी पहिल्या महिन्यांतच सुरू होते. पापणीवरच्या गाठीने बाहुली झाकली, किंवा गाठीच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलून डोळ्याला सिलिंडरचा नंबर आला, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. पुढे गाठ पूर्ण गेली तरी गेलेली नजर आपोआप परत येत नाही.

दुसरे कारण ओठ. ओठावरची गाठ फुटून तिथे जखम होते, रक्त येते. दूध ओढताना बाळाला वेदना होतात, ते स्तन सोडून रडते आणि त्याचे वजन वाढत नाही.

तिसरे, नाक व कान. नाकाच्या शेंड्यावरची गाठ कोवळ्या कुर्चेचा आकार बिघडवते. कानाजवळची गाठ कानाचे भोक बुजवू शकते.

चौथे, हनुवटी, जबडा आणि गळ्याचा वरचा भाग, म्हणजे पुरुषाला दाढी येते तो भाग. इथे पसरलेली गाठ असेल तर तशीच गाठ आत श्वासनलिकेतही असण्याचा संभव असतो. श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर असा आवाज येणे, रडण्याचा आवाज घोगरा होणे ही तिची लक्षणे. सर्दी समजून यात दिवस घालवू नयेत; त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

पाचवे, चेहऱ्याच्या एका बाजूवर नकाशासारखी पसरलेली मोठी गाठ. अशा काही बाळांत मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय किंवा डोळे यांतही जन्मजात दोष असतात. त्यामुळे औषध सुरू करण्याआधी एमआरआय आणि हृदयाचा इको या तपासण्या कराव्या लागतात.

याशिवाय अंगावर कुठेही मिळून पाच किंवा अधिक गाठी असतील, तर यकृतातही गाठी आहेत का हे सोनोग्राफीने पाहावे लागते.

नाकाचा शेंडा, ओठ आणि डोळ्याचा परिसर इथली गाठ कितीही लहान असो, ती दाखवावीच. चेहऱ्यावर इतरत्र असेल आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळात हरभऱ्याच्या दाण्याहून, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरहून, मोठी असेल तरी थांबू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर जोखमीची गाठ असलेले बाळ महिन्याचे होईपर्यंतच तज्ज्ञापर्यंत पोचावे असे म्हटले आहे.

औषध सापडले ते असे

या औषधाचे नाव प्रोप्रॅनोलॉल. वाचकांपैकी काहींच्या घरात ते असेलही. छातीची धडधड, रक्तदाब, हात कापणे, अर्धशिशी अशा तक्रारींसाठी मोठ्या माणसांना ते दिले जाते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात ते शोधले आणि १९८८ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकात या कामाचा मोठा वाटा होता. हृदयाच्या औषधांच्या ज्या गटाला बीटा-ब्लॉकर म्हणतात, त्यातले हे एक जुने औषध.

त्याचा या गाठींवर उपयोग होतो हे मात्र योगायोगाने कळले. फ्रान्समधील बोर्दो शहरात डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांचे सहकारी नाकावर गाठ असलेल्या एका बाळावर उपचार करीत होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बाळाला स्टेरॉइड चालू होते. दरम्यान बाळाच्या हृदयाचा स्नायू जाड झाल्याचे आढळले, म्हणून हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले. दुसऱ्याच दिवशी लालभडक गाठ जांभळट आणि मऊ पडलेली दिसली. पुढे स्टेरॉइड कमी केले तरी गाठ ओसरतच राहिली. मग इतर बाळांनाही औषध देऊन पाहण्यात आले आणि अशा अकरा बाळांची हकिगत जून २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

अकरा बाळांवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून पुढे रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली त्याच नियतकालिकात आले. एक ते पाच महिने वयाच्या ४६० बाळांवर ही चाचणी झाली. ज्यांना योग्य मात्रेत सहा महिने औषध दिले त्यांच्यापैकी ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण नाहीशी झाली. ज्यांना नुसतेच औषधासारखे दिसणारे द्रव दिले त्यांच्यात हे प्रमाण ४ टक्के होते. २०१४ सालीच अमेरिका आणि युरोपातील औषध नियंत्रकांनी तान्ह्या बाळांच्या या गाठींसाठी प्रोप्रॅनोलॉलला मान्यता दिली होती. जोखमीच्या गाठींसाठी आज पहिली निवड याच औषधाची असते.

हे औषध गाठीतल्या रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून रंग लवकर बदलतो. नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचे संदेशही ते रोखते, म्हणून वाढ थांबते. यावरून वेळेचे महत्त्व ध्यानात येईल. वाढ होण्याआधी ती रोखणे सोपे; वाढून ताणलेली कातडी पूर्ववत करणे अवघड.

औषध देण्याची पद्धत

आधी बाळाची नीट तपासणी होते. वजन, नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि छाती पाहतात. वारंवार धाप लागणारे, हृदयाचे ठोके मुळातच मंद असलेले किंवा अगदी अपुऱ्या दिवसांचे बाळ असेल तर औषध टाळतात किंवा पुढे ढकलतात. पहिली मात्रा दिल्यावर दोन तास नाडी व रक्तदाबावर लक्ष ठेवतात. फार लहान किंवा अशक्त बाळाला यासाठी रुग्णालयात दाखलही करून घेतात.

सुरुवात थोड्या मात्रेने करून हळूहळू ती वाढवत नेतात. पुढे दर किलो वजनामागे दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅम, दोन किंवा तीन वेळा विभागून, असे प्रमाण असते. बाळाचे वजन वाढेल तशी मात्रा बदलावी लागते, म्हणून ठरल्या दिवशी दाखवायला जाणे चुकवू नये. औषध किमान सहा महिने, पुष्कळदा बाळ वर्षाचे होईपर्यंत चालते. थांबवल्यावर काही बाळांची गाठ पुन्हा थोडी डोके वर काढते. अशा वेळी काही काळ औषध परत सुरू करतात.

लहान, पातळ आणि वरवरच्या गाठीसाठी याच गटातील टिमोलॉल हे औषध थेंबांच्या रूपात गाठीवर लावायला देतात. हे मुळात काचबिंदूचे औषध आहे. तेही कातडीतून रक्तात जाते, म्हणून ‘नुसते लावायचे तर आहे’ असे म्हणून मनाने वापरू नये.

घरात काय सांभाळावे?

या औषधाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे रक्तातील साखर एकदम उतरणे. त्यासाठी एक नियम पक्का करावा : पोटात दूध गेल्याशिवाय औषध नाही. पाजताना किंवा पाजल्याबरोबर औषध द्यावे. बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील, जुलाब लागले असतील, तर त्या वेळची मात्रा देऊ नये आणि डॉक्टरांना विचारावे. दिलेले औषध बाळाने ओकून टाकले तर पुन्हा देऊ नये. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. रात्री बाळ शांत झोपले म्हणून लांबवर उपाशी ठेवू नये; चार महिन्यांच्या आतल्या बाळाला चार-पाच तासांनी उठवून पाजावे.

बाळ मलूल झाले, अंग गार पडून घाम फुटला, उठवूनही दूध घेईना, किंवा झटका आला तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. शुद्धीवर असेल तर निघण्यापूर्वी दूध किंवा साखरेचे पाणी पाजावे. झटका येत असताना किंवा बेशुद्ध असताना तोंडात काहीही घालू नये. छातीत घरघर, धाप किंवा खोकला सुरू झाला तरी औषध थांबवून डॉक्टरांना गाठावे. हातपाय गार लागणे, झोप चाळवणे, शौचाला पातळ होणे हे किरकोळ त्रास बऱ्याच बाळांना होतात. भेटीच्या वेळी ते सांगावेत.

आता एक कळकळीची विनंती. आजोबांच्या डब्यात हेच औषध आहे म्हणून त्यातली गोळी कुटून बाळाला देऊ नका. आजोबांची ४० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे चार किलो वजनाच्या बाळाचे तीन ते पाच दिवसांचे औषध होते. पाव गोळी, अर्धी गोळी हा हिशेब तान्ह्या बाळाच्या बाबतीत जीवावर बेतू शकतो.

तसेच डागावर बिब्बा घालणे, चुना लावणे, तापलेल्या सुईने डागणे, दोरा बांधणे हे उपाय करू नयेत. त्याने कातडी भाजते, जखम चिघळते आणि कायमचा व्रण राहतो. गाठीतून रक्त आले तर घाबरून न जाता स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे सलग दाबून धरावे. थांबले नाही तर दवाखाना गाठावा.

आणि ग्रहणात बाहेर गेली, भाजी चिरली, डोहाळ्यात अमुक खाल्ले म्हणून डाग आला, असे बाळाच्या आईला कोणीही ऐकवू नये. यातल्या कशाचाही या गाठीशी संबंध नाही. बाळंतिणीला त्या दिवसांत बोल नको, आधार हवा.

एक जुनी आठवण

हा विषय मी इतक्या आग्रहाने का मांडतो आहे, ते सांगायला हवे. प्रोप्रॅनोलॉलचा हा उपयोग कळण्यापूर्वीची गोष्ट. एक मुलगा पहिलीत गेला तेव्हा गुरुजींच्या सांगण्यावरून त्याचे डोळे तपासले. एका डोळ्याची नजर अगदीच मंद निघाली. चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, पण म्हणावा तसा फरक पडला नाही. तान्हा असताना त्याच्या त्या पापणीवर अशीच गाठ होती. ती पूर्ण ओसरली होती, खूणही शोधावी लागत होती. ‘काही करू नका, आपोआप जाईल,’ असा सल्ला त्याच्या आईवडिलांना मीच दिला होता. तेव्हा स्टेरॉइडखेरीज फारसा उपाय नव्हता आणि त्याचे दुष्परिणाम मोठे होते, हे खरे. तरी निदान डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवे होते. माझे म्हणणे अक्षरशः खरे ठरले; गाठ आपोआप गेली. पण नजर राहिली नाही.

म्हणून त्या दिवशी आजींची समजूत घातली आणि मुलीला दुसऱ्याच दिवशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनी तपासून औषध सुरू केले. साडेतीन महिन्यांच्या लसीला आली तेव्हा पापणीवर फिकट जांभळा, बसका डाग उरला होता आणि दोन्ही डोळे टकटक बघत होते. औषध अजून बरेच महिने चालायचे आहे, नेत्रतज्ज्ञांच्या फेऱ्याही आहेत. पाजल्याशिवाय औषध नाही, हा नियम आता आजीच सांभाळतात.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. जन्मानंतर उगवलेला आणि वाढत जाणारा लाल किंवा निळसर डाग म्हणजे हिमँजिओमा असू शकतो. दर आठवड्याला एकाच अंतरावरून, उजेडात त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. वाढ किती झाली ते डॉक्टरांना त्यावरून कळते.

२. अंगावरच्या लहान डागांना बहुधा उपचार लागत नाहीत. पण ते थांबण्याजोगे आहेत की नाहीत हे एकदा डॉक्टरांना ठरवू द्यावे.

३. डोळा, नाक, ओठ, कान, हनुवटी इथला डाग, मोठा डाग, जखम झालेला डाग किंवा पाचहून कमी नसलेले डाग असतील तर त्याच आठवड्यात दाखवावे. दीड महिन्याच्या लसीपर्यंतही वाट पाहू नये. दाखवायचे राहून गेलेच असेल, तर निदान त्या दिवशी बाळाचे टोपडे काढून नर्सबाईंना वा डॉक्टरांना डाग आवर्जून दाखवावा.

४. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून आणि पोटभर पाजूनच द्यावे.

‘आपोआप जाईल’ हा सल्ला घरातले, शेजारचे, कधी कधी डॉक्टरही देतील. तेव्हा एवढेच विचारावे : जाईपर्यंत माझ्या बाळाच्या डोळ्याला, ओठाला, श्वासाला धोका नाही ना? याचे उत्तर नीट तपासणी करून मिळाले, तर खुशाल थांबावे. न तपासता मिळाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे दार ठोठवावे.